गाडी चालवताना राग आवरायचा कसा

राग आल्याचे मनाला उमगण्याआधी ते हातांना कळलेले असते. कोणी इंडिकेटर न देता आडवी गाडी घातली की बोटे स्टिअरिंगवर आवळली जातात, दातांवर दात बसतात, खांदे वर चढतात आणि श्वास छातीतच अडकतो. रक्तात अ‍ॅड्रेनलिन वाढल्यामुळे शरीर जणू मारामारीच्या तयारीत असते, परंतु गाडी चालवण्यासाठी ही अवस्था अगदीच गैरसोयीची आहे, कारण नजर त्या एकाच गाडीवर खिळते आणि आरशात काय दिसते, कडेने कोण चालले आहे, याचे भान सुटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. म्हणजे एक शिवी हासडून होईपर्यंत तीसेक मीटर रस्ता आपण धड न पाहताच मागे टाकलेला असतो.

म्हणून सवय लावायची ती हाताकडे लक्ष देण्याची. प्रत्येक सिग्नलला गाडी थांबली की पकड तपासावी, अंगठे सैल करावेत, जबडा सोडावा आणि श्वास जितका वेळ घेतला त्याच्या दुप्पट वेळ घेऊन सावकाश सोडावा. असे चार-पाच श्वास झाले की छातीतली धडधड कमी होऊ लागते. राग नसतानाही हे करत राहावे, कारण ऐन भडक्याच्या वेळी नवीन काही आठवत नाही. अंगवळणी पडलेलेच तेवढे हातून होते. डोळे मिटून करायचे व्यायाम मात्र घरी ठेवावेत.

बराचसा राग आपण घरूनच सोबत घेऊन निघतो. उशीर झालेला असतो, झोप पुरी झालेली नसते, पोट रिकामे असते, आणि मग पुढची प्रत्येक गाडी आपल्याला अडवण्यासाठीच रस्त्यावर आली आहे असे वाटू लागते. दहा मिनिटे आधी निघणे हा उपाय ऐकायला फार साधा आहे, पण त्याच्याइतका खात्रीचा दुसरा मला माहीत नाही. घाईने किती वेळ वाचतो याचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. १२ किलोमीटरचे अंतर सरासरी ४० च्या वेगाने १८ मिनिटांत कापले जाते आणि ४५ च्या वेगाने १६ मिनिटांत. शहरातल्या गर्दीत सरासरी एवढी वाढवायची म्हणजे वाटेत कितीतरी वेळा गाडी दामटावी लागते, आणि पदरात पडतात ती दोन मिनिटे.

पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे, असा नियम शिकवला जातो. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला सुरुवात करावी आणि त्याच खांबापाशी आपण दोन सेकंदांच्या आत पोहोचू नये. पावसात हे अंतर दुप्पट करावे. हा नियम सुरक्षिततेसाठी आहे हे खरे, पण डोके शांत ठेवायलाही त्याचा मोठा उपयोग होतो. अंतर ठेवले की लोक मध्ये घुसतात, ही नेहमीची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. तरीही घुसलेल्या एका गाडीमुळे आपले नुकसान होते ते पुन्हा तेवढे अंतर सोडण्यापुरते, म्हणजे सुमारे दोन सेकंदांचे. संपूर्ण प्रवासात दहा जण घुसले तरी वीस सेकंद जातात. मला स्वतःला हा हिशेब पटल्यापासून कट मारणाऱ्यांचे फारसे काही वाटेनासे झाले आहे.

राग भडकतो तो बहुधा आपण मनात रचलेल्या कथेमुळे. एकदा सिग्नल हिरवा होऊनही पुढची गाडी हलेना, तेव्हा मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. शेवटी बाजूने पुढे जाताना दिसले, की चालवणारी बाई मागे वळून ओकारी झालेल्या लेकराला सावरत होती. त्या वेळी मी मनात रचलेली ‘फोनवर बोलत असणार’ ही कथा माझ्याच पदरची होती. शिवाय राग वाटतो तितका आंधळाही नसतो. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी संशोधक डूब आणि ग्रॉस यांनी हिरव्या सिग्नलला मुद्दाम गाडी अडवून धरली, तेव्हा महागड्या गाडीच्या तुलनेत जुनाट गाडीला मागच्यांनी जास्त हॉर्न वाजवले. समोर कोण आहे हे पाहून आवरता येत असेल, तर राग आवरता येतो, एवढे यातून नक्की दिसते.

दुसराच कोणी चिडून मागे लागला असेल, तर त्याच्याकडे रोखून पाहू नये, हातवारे करू नयेत, डिपरला डिपरने उत्तर देऊ नये. सुरक्षित जागा मिळताच त्याला पुढे जाऊ द्यावे. चूक आपली असेल तर हात वर करून माफी मागावी. एवढ्यानेही बरेच जण निवळतात. तरीही तो पाठलाग करत राहिला, तर घराकडे वळू नये आणि जाब देण्यासाठी खाली उतरू नये. दारे बंद ठेवून पोलीस ठाण्यापाशी किंवा वर्दळीच्या, उजेडाच्या ठिकाणी जावे.

मुक्कामी पोहोचल्यावर घडलेला प्रसंग तावातावाने सांगत सुटण्याचा मोह होतो. राग बाहेर काढला की मोकळे वाटते, असा समज आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात मात्र चिडवणाऱ्या माणसाला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग, नुसते गप्प बसलेल्यांपेक्षा अधिक निघाला. तेव्हा इंजिन बंद करून दोन मिनिटे गाडीतच स्वस्थ बसावे आणि मगच दार उघडावे. आठवड्यातून अनेकदा असे बसण्याची वेळ येत असेल, किंवा शेजारी बसणारी घरची माणसे आपल्यासोबत यायला टाळू लागली असतील, तर समुपदेशकाची वेळ घ्यावी.