वाळवंटात टेंटमध्ये राहून तारे बघायला चाललात? आधी या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडून जैसलमेरला आतापर्यंत माझ्या तीन ट्रिपा झाल्या, अन् पहिली ट्रिप ज्या कारणानं वाया गेली तेच कारण मला दरवर्षी दुसऱ्यांच्या ट्रिपात दिसतं म्हणून हे लिहून ठेवतोय. सोयाबीन विकून झालं होतं, कापसाची वेचणी चालू होती, हातात थोडे पैसे होते, सगळ्यांची सुट्टी डिसेंबरात जुळली तर तीच तारीख धरली. नागपूरहून रेल्वेनं जोधपूर, तिथून गाडी करून २८० किलोमीटर जैसलमेर, पुढं चाळीसेक किलोमीटरवर सम गावच्या वाळूच्या टेकड्या. सूर्य बुडाला अन् इकडं पूर्वेकडून परातीएवढा चंद्र वर आला. काकाजी म्हणाले, "आज दत्त जयंती हाय ना रे." दत्त जयंती म्हणजे मार्गशीर्षातली पौर्णिमा, रात्रभर वाळू दुधासारखी चमकत होती, दिसायला फार सुंदर, पण तारे तेवढेच जेवढे आपल्याकडं तालुक्याच्या बसस्टँडवरून दिसतात. पोट्टे विचारत राहिले आकाशगंगा कुठंय, अन् आमच्याकडं उत्तर नव्हतं.

चंद्र न पाहता तारीख धरणं

हीच सगळ्यात मोठी चूक. बाकी सगळं नंतर, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा अन् अमावास्या बघा. अमावास्येच्या आधीचे चार-पाच दिवस अन् नंतरचे तीन-चार दिवस, एवढीच खिडकी आहे. ज्यांच्या घरी संकष्टी असते त्यांना हे लगेच समजते, कारण संकष्टीला चंद्रोदय साडेआठ-नवाच्या आसपास असतो हे त्यांना पाठ असतं, अन् पुढं रोज पाऊण-एक तास उशीर होत जातो, म्हणजे वद्य अष्टमीपर्यंत चंद्र मध्यरात्रीला जातो अन् आधीची सगळी रात्र अंधारी मिळते. जैसलमेर आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला आहे त्यामुळं तिकडं चंद्र घड्याळात अजून थोडा उशिरा उगवतो.

सोपं सांगायचं तर दोन वेळा आपल्या लोकांसाठी फार चांगल्या आहेत. एक दिवाळी, लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असते, त्यामुळं भाऊबीज करून लगेच निघालं तर संध्याकाळची चंद्राची बारीक कोर लवकर मावळते अन् पुढं अंधार. दुसरी महाशिवरात्र, दुसऱ्या दिवशी अमावास्या, थंडी कमी झालेली, गर्दीही उतरलेली. जैसलमेरचा मरू महोत्सव मात्र माघ पौर्णिमेला असतो. ज्यांना उंट, पगड्या, नाच-गाणं बघायचं त्यांनी तेव्हा जरूर जावं, पण त्याच ट्रिपात तारेही होऊन जातील असं धरून चालू नका.

डिसेंबरात फोटोतल्यासारखी आकाशगंगा शोधणं

मोबाईलवर जो फोटो फिरतो ना, वाळूवर टेंट अन् वर आकाशगंगेचा जाड पट्टा, तो डिसेंबरच्या संध्याकाळी दिसतच नाही. आकाशगंगेचा तो भरगच्च भाग धनू अन् वृश्चिक राशीकडं आहे, अन् डिसेंबर-जानेवारीत सूर्यच त्या बाजूला असतो, मग तो भाग दिवसा वर येतो अन् दिवसाच जातो. तो बघायचा तर फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये पहाटे चार-साडेचारनंतर आग्नेयेला बघा, नाहीतर ऑक्टोबरात अंधार पडल्या पडल्या नैर्ऋत्येला. मे-जूनमध्ये रात्रभर दिसतो पण तेव्हा तिकडं दिवसा भाजून निघाल अन् आंधी आली की आकाश धुळीनं भरतं, म्हणून पोराबाळांना घेऊन तेव्हा जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण हिवाळ्यात काही नाही असं नाही हं. हिवाळ्याचं आकाश आपल्या शेतकऱ्याला ओळखीचं आहे, हरभऱ्याला ओलीत करायला रात्रीची लाईन असली की बांधावरून तेच दिसतं. मृगातलं तिकांडं म्हणजे एका रांगेतले तीन तारे, त्याच्या खाली डावीकडं व्याध, वर रोहिणी, त्याच्याही वर कृत्तिकांचा पुंजका. आपल्याकडं कृत्तिकांत सहा तारे दिसले तरी डोळे चांगले म्हणतात, तिथं अंधारात त्याहून जास्त मोजता येतात, मोजून बघा. देवयानी दीर्घिका म्हणजे दुसरी आकाशगंगा, २५ लाख प्रकाशवर्षं लांब, ती डिसेंबरच्या संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर असते अन् नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी दिसते. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्या वर्षी तेव्हा चंद्र नसेल तर ती तारीख सोडू नका.

अन् रंगाबद्दल आधीच सांगतो म्हणजे पोट्टे नाराज होणार नाहीत. कॅमेरा पंधरा-वीस सेकंद उजेड साठवतो म्हणून फोटोत गुलाबी-जांभळं दिसतं, आपल्या डोळ्यांना आकाशगंगा पांढुरकी, पातळ ढगासारखी दिसते. पण ती खरी असते, पाहताना अंगावर काटा येतो.

उजेडातला कॅम्प बुक करणं

दुसऱ्या वेळेस तारीख बरोबर धरली, तर कॅम्प चुकला. कोणता ते लिहित नाही, पण मधोमध मोठा फ्लडलाईट, रात्री साडेअकरापर्यंत डीजे, शेजारच्या कॅम्पचाही तसाच. समला रस्त्याच्या कडेनं असे कॅम्प दाटीवाटीनं आहेत. बुकिंग करताना आम्ही जेवणात काय काय, टेंटला बाथरूम आहे का, उंटाची फेरी फुकट का, एवढंच विचारलं होतं. विचारायचं होतं ते हे: लाईट किती वाजता बंद करता, मागितले तर आधी बंद कराल का, डीजे कधी थांबतो, अन् कॅम्पच्या मागं चालत जाता येईल अशी अंधारी टेकडी आहे का. फोनवर गोलमाल उत्तर आलं तर दुसरा कॅम्प बघा.

शांतता पाहिजे असेल तर खुरी गाव बरं, तेही जैसलमेरपासून साधारण पन्नास किलोमीटरच्या आतच, तिथं समच्या मानानं गर्दी कमी. तिसऱ्यांदा आम्ही तिकडंच राहिलो, साध्या झोपड्या होत्या, अंथरूण पांघरूण जाड, अन् मालकानं दहाला अंगणातला बल्बसुद्धा स्वतःहून बंद केला.

तुमचा कॅम्प उजेडाचा निघालाच तर काय करायचं? संध्याकाळी सहाला सूर्य बुडतो, खरा अंधार सव्वासात-साडेसातला होतो, अन् नेमका तेव्हाच कॅम्पचा कार्यक्रम सुरू होतो. त्याच्याशी भांडत बसू नका, जेवा अन् झोपा, अन् पहाटे चारचा अलार्म लावा. तिकडं डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, त्यामुळं पहाटे सहापर्यंत चांगला अंधार असतो, डीजेवाले झोपलेले असतात, अन् सप्तर्षी, ज्याला आपले म्हातारे बाज म्हणतात, उत्तरेकडं उंच आलेला असतो.

दर पाच मिनिटांनी मोबाईल काढणं

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात अन् ती सवय मोडायला मोबाईलचा एक झटका पुरतो. एकानं व्हॉट्सॲप उघडलं की शेजारच्या चौघांचे डोळे गेले. आम्ही आता निघतानाच पतंगाचा लाल कागद घेतो, दोन-तीन घड्या करून टॉर्चच्या काचेवर रबरानं बांधतो, लाल उजेडानं डोळ्यांची सवय फारशी मोडत नाही. मोबाईल खिशात, नाहीतर टेंटमध्येच. दुर्बीण असेल तर ७ बाय ५० किंवा १० बाय ५० ची (म्हणजे ७ किंवा १० पट मोठं दाखवणारी, पुढची काच ५० मिलीमीटरची) साधी दुर्बीण पुष्कळ झाली, मोठा टेलिस्कोप भाड्यानं घ्यायची काही गरज नाही.

थंडीला कमी लेखणं

"आपल्याला काय थंडी, आपण रात्री ओलीत करतो" असं म्हणणारे आमच्यात तिघं होते, तिघंही बारा वाजता टेंटमध्ये. जैसलमेरला जानेवारीत दुपारी २४ च्या आसपास तापमान अन् रात्री ७-८, कधी त्याच्याही खाली. हवा कोरडी, ढग नाही, वाळू दिवसभराची ऊब सूर्य बुडाल्यावर भराभर सोडून देते. त्यात आपण ओलीत करताना चालत असतो, फावडं हातात असतं, इथं मात्र तास-दोन तास उताणं पडून राहायचं, अंग गरम राहणार कसं?

थंडी वरून कमी अन् खालून जास्त लागते हे लक्षात ठेवा. जमिनीवर आधी ताडपत्री, मग जाड सतरंजी किंवा वाकळ, मग आपण, मग ब्लँकेट. कानटोपी अन् दोन मोजे. स्वेटर टेंटमध्ये ठेवून "लागलं तर आणू" असं करू नका, वाळूत शंभर पावलं जाऊन यायलाही दम लागतो. पाणी पीत राहा, थंडीत तहान कळत नाही पण कोरड्या हवेनं ओठ फाटतात अन् सकाळी डोकं दुखतं. शेकोटी करायची तर कॅम्पवाल्यानं आणलेल्या लाकडाची, आजूबाजूची झुडपं तोडून नको. तिकडची खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो तीच, अन् १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ती झाडं वाचवायला ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला.

काळ्या मातीसारखी वाळूत गाडी चालवणं

आपल्याकडं चिखलात गाडी फसली की टायरखाली पऱ्हाटी टाकायची अन् ॲक्सिलेटर दाबायचा. वाळूत ॲक्सिलेटर दाबला की चाक जागेवर फिरून खड्डा करतं अन् गाडी पोटावर बसते, मग ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. मुळात स्वतःची गाडी टेकड्यांवर घालूच नका, तिकडच्या ड्रायव्हरला जीप चालवू द्या. तरी कच्च्या रस्त्यावर फसलीच तर लगेच थांबा. चाकांसमोरची अन् मागची वाळू हातानं काढा, चारही टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा म्हणजे टायर पसरतं, पायाखालच्या मॅट चाकाला लावा, अन् ज्या चाकोरीनं आत गेलात त्याच चाकोरीनं हळूहळू रिव्हर्स या. कमी हवेवर स्टेअरिंग जोरात वळवलं तर टायर रिममधून निघू शकतं. डांबरी लागल्यावर हवा भरल्याशिवाय जोरात पळवू नका, पंप सोबत पाहिजेच.

उंटावर बसणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, तुम्ही पुढं फेकले जाता, म्हणून मागं रेलून बसा अन् दोन्ही हातांनी पकडा. खाली बसताना पुढचे पाय आधी मोडतो, तेव्हाही मागंच रेला.

रात्री टेकड्यांत भटकणं

दिवसा सोपं वाटते, रात्री प्रत्येक टेकडी सारखी दिसते अन् वारा असला तर पावलांचे ठसे तासाभरात पुसट होतात. उजेड असतानाच जागा ठरवा, मोबाईलमध्ये कॅम्पचं लोकेशन सेव्ह करा, कारण नेटवर्क मधेच जातं. ध्रुवतारा आपल्याकडं वीस अंशांवर असतो, तिथं सत्तावीस, म्हणजे थोडा वर बघावा लागतो, तो कॅम्पच्या कोणत्या बाजूला येतो ते आधीच पाहून ठेवा. चुकलात तर फिरू नका, एका टेकडीच्या माथ्यावर बसून टॉर्च हलवा. चढताना वाऱ्याकडची मंद बाजू अन् धार धरा, पलीकडची बाजू साधारण ३४ अंशांची घसरण असते, तिथं पाय गुडघ्यापर्यंत जातो.

बूट झटकून घाला, विंचू असतो, फुरसंही असतं. डोळ्यात वाळू गेली तर चोळू नका, पाणी मारा. उघड्यावर कॅमेऱ्याची लेन्स बदलू नका, अन् पहाटे दव पडलं तर काच फुंकर मारून पुसायची नाही, कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवायची. ड्रोन तर घरीच राहू द्या, हा सरहद्दीचा जिल्हा आहे.

हे जंगल आहे हे विसरणं

वाळू म्हणजे रिकामी जागा असं आपल्याला वाटते. सम अन् खुरी ज्या भागात येतात तिथं मरू राष्ट्रीय उद्यान आहे, १९८० सालचं, ३१६२ चौरस किलोमीटर, जैसलमेर अन् बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत. तिथला गोडावण म्हणजे आपला माळढोक. आपल्या वरोरा-भद्रावतीच्या शिवारातही तो होता, आता आपल्याकडं दिसणं जवळपास संपलंच, अन् जे थोडे उरले ते बहुतेक तिकडं आहेत. समला त्याचं प्रजनन केंद्रही आहे. म्हणून मला ते फटाके, ते स्पीकर, ते वाळूत पुरलेले कुरकुऱ्यांचे पाकीट बघवत नाहीत. आपला कचरा पिशवीत भरून जैसलमेरला आणून टाका, एका पिशवीला काय वजन आहे.

जायच्या आधी सराव न करणं

पैसे खर्चून दोनच रात्री मिळतात अन् त्यातली एक तारे ओळखण्यात जाते. सराव घरीच करा. पेंचला जाता येत असेल तर उत्तम, जानेवारी २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, झालं, त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवले. नाहीतर आपलं शेत आहेच, जागलीला गेलात की ताडपत्री टाकून अर्धा तास मोबाईल बंद ठेवून पडा.

एक तारा मात्र इथंच नीट पाहून घ्या. व्याधाच्या खाली दक्षिणेला जो ठळक तारा असतो तो अगस्त्य. आपल्या बांधावरून तो जास्तीत जास्त सोळा-सतरा अंश वर येतो, जैसलमेरहून जेमतेम दहा, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर एक मूठभर, अन् समोर टेकडी असली तर दिसतच नाही. तिथं डिसेंबरच्या शेवटी तो साडेबाराच्या सुमारास सगळ्यात वर असतो, तर रात्री पडायची जागा निवडताना दक्षिणेकडं उंच टेकडी नाही ना ते संध्याकाळीच पाहून ठेवा.