हातात मावणारा गेम कन्सोल घरी बनवण्याआधीची तयारी

सामान गोळा करण्याआधी गेम ठरवा. बहुतेक जण उलट करतात: आधी दिसेल तो मायक्रोकंट्रोलर (गेमचा कोड चालवणारी छोटी चिप) घेतात, मग त्याला कुठली स्क्रीन चालेल ते शोधतात आणि गेमचा विचार शेवटी करतात. मग गेम चालतो, पण अडखळत. साप, विटा फोडणं, वरून पडणारे ठोकळे असले गेम सेकंदाला दहा वेळा चित्र बदललं तरी मजेत खेळता येतात. उड्या मारत पळणारा गडी आणि मागे सरकणारा देखावा हवा असेल, तर सेकंदाला निदान तीस चित्रं लागतात. तुमचा गेम यातल्या कुठल्या गटातला, ते कागदावर लिहून ठेवा. पुढचा निम्मा खर्च आणि निम्मी डोकेदुखी त्यावर ठरते.

मग स्क्रीन. पहिल्या कन्सोलला १२८ बाय ६४ ठिपक्यांची काळी-पांढरी ओलेड (स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांची स्क्रीन) पुरे. हे ८१९२ ठिपके आहेत आणि प्रत्येकाला एक बिट, म्हणजे एका पूर्ण चित्राला १०२४ बाइट लागतात. ही स्क्रीन दोन प्रकारांत मिळते, आयटूसी आणि एसपीआय; चिप आणि स्क्रीनने एकमेकांशी बोलण्याच्या या दोन पद्धती. आयटूसीवाली चार तारांची, जोडायला सोपी. पण आयटूसीवर एक बाइट पाठवायला घड्याळाचे नऊ ठोके जातात, त्यामुळे नेहमीच्या १०० किलोहर्ट्झ वेगाने एक चित्र पोचायला साधारण ९२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला दहाच चित्रं. वेग ४०० किलोहर्ट्झ केला तर २३ मिलिसेकंद, पण तेवढा वेळ साध्या कोडमध्ये चिप दुसरं काहीच करत नाही. एसपीआयवाली स्क्रीन तारा जास्त मागते, पण ४ मेगाहर्ट्झवर तेच चित्र दोन मिलिसेकंदांत उतरतं. साप खेळायचा असेल तर आयटूसी घ्या आणि निवांत राहा. पळणारा गडी हवा असेल तर एसपीआयच घ्या.

स्क्रीन हातात आली की दोन गोष्टी बघा. मागे छापलेल्या पिनांचा क्रम पाहा, कारण काही मॉड्यूलवर पहिली पिन ग्राउंडची असते, तर काहींवर पॉवरची. बाकी सगळं हुबेहूब सारखं. दुसऱ्या कुणाच्या आकृतीवरून तारा जोडल्या तर स्क्रीन उलट्या पॉवरवर लागते. दुसरं म्हणजे स्क्रीन चालवणारी आतली चिप. १.३ इंची मॉड्यूलवर बरेचदा एसएसडी१३०६ ऐवजी एसएच११०६ असते. तिची मेमरी १३२ ठिपके रुंद असल्यामुळे एसएसडी१३०६च्या लायब्ररीने (स्क्रीन चालवणाऱ्या तयार कोडने) चित्र दोन ठिपके सरकतं किंवा कचऱ्यासारखं दिसतं. बिघाड नाही, लायब्ररी बदला.

मायक्रोकंट्रोलर चिप म्हणून एटीमेगा३२८पी घ्यावी असं माझं मत. अठ्ठावीस पायांची, सॉकेटमध्ये बसणारी, जळली तर काढून दुसरी लावता येते. हिच्याकडे फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम साठवायची जागा, ३२ केबी आणि रॅम, म्हणजे गेम चालताना लागणारी जागा, फक्त २ केबी. त्यातला १ केबी चित्राच्या बफरला (पडद्यावर पाठवायचं चित्र रचायच्या जागेला) गेला की उरलेल्या हजारेक बाइटमध्ये शत्रू, गोळ्या, गुण, सगळं बसवायचं. म्हणून चित्रं आणि अक्षरं रॅममध्ये ठेवायची नाहीत, फ्लॅशमधून वाचायची. नकाशा ८ बाय ८ च्या चौकटींतून बनवा: पूर्ण पडदा म्हणजे १६ गुणिले ८, १२८ चौकटी, प्रत्येकीला एक बाइट. १९८९ सालचा गेम बॉयही अशाच ८ बाय ८ च्या चौकटींवर पडदा रचायचा. रंगीत स्क्रीनचा मोह असेल तर मात्र ही चिप विसरा. २४० बाय ३२० चा सोळा बिटांचा पडदा एकटाच दीड लाख बाइट मागतो. त्याला २६४ केबी रॅमची आरपी२०४० किंवा ईएसपी३२ अशी मोठी चिप लागेल.

कोऱ्या चिपबद्दल एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. कारखान्यातून येताना तिचं आतलं ८ मेगाहर्ट्झचं घड्याळ आठाने भागलेलं असतं, म्हणजे ती १ मेगाहर्ट्झवर चालते. कोड बरोबर असूनही गेम गोगलगायीच्या चालीने जातो तो यामुळे. आर्डुइनोत (चिपसाठी कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मिनीकोअर हे या चिपचं पॅकेज टाकून आतल्या ८ मेगाहर्ट्झचा पर्याय निवडा आणि बूटलोडर बर्न करा, फ्यूज, म्हणजे चिपच्या कायम राहणाऱ्या सेटिंग्ज, आपोआप बदलतात. मात्र चुकून बाहेरच्या क्रिस्टलचा (घड्याळाचे ठोके देणाऱ्या भागाचा) पर्याय निवडला आणि क्रिस्टल जोडलेला नसेल, तर चिप मेल्यासारखी गप्प बसते. फेकू नका, तात्पुरता क्रिस्टल लावून फ्यूज परत बदलता येतात. आर्डुइनो उनो बोर्डला प्रोग्रामर (चिपमध्ये कोड टाकणारं साधन) करणार असाल तर त्याच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा.

पॉवर ३.३ व्होल्ट ठेवा, सगळ्यांना एकच. या व्होल्टेजवर चिपला १६ मेगाहर्ट्झ झेपतील याची डेटाशीट (चिप बनवणाऱ्याचं माहितीपत्रक) हमी देत नाही, ८ आरामात झेपतात. म्हणून क्रिस्टलही नको. तीन ट्रिपल ए सेल आणि एमसीपी१७०० रेग्युलेटर (व्होल्टेज ३.३ वर ठेवणारा भाग) पुरतो. नेहमीचा १११७ रेग्युलेटर इथे कामाचा नाही. त्याला आउटपुटपेक्षा सव्वा-एक व्होल्ट जास्त लागतो, म्हणजे सेल अर्धे भरलेले असतानाच तो माघार घेतो, आणि काही न करता पाचेक मिलिअँपिअर स्वतःच खातो. एमसीपी१७००च्या दोन्ही बाजूंना १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, आणि तीन पायांचा क्रम डेटाशीटमधून बघूनच जोडा. कन्सोल मिळून साधारण २०-३० मिलिअँपिअर ओढतो, सेल बरेच दिवस चालतात. लिथियम सेल पहिल्या कन्सोलमध्ये नकोच. हट्टच असेल तर टीपी४०५६ चार्जर मॉड्यूल १ अँपिअरने चार्ज करायला सेट करून येतं हे लक्षात ठेवा. ५०० एमएएचच्या छोट्या सेलसाठी ते जास्त होतं, त्याचा चार्जिंगचा करंट ठरवणारा प्रोग्राम रेझिस्टर बदलावा लागतो.

बटणं सहा: चार दिशा आणि दोन कृती. ती चिपच्या पोर्ट डीवर (आठ पिनांचा एक गट) २ ते ७ नंबरच्या पिनांना लावा. मग सगळी बटणं एका वाचनात कळतात, आणि ०, १ या पिना सीरियलसाठी (संगणकाशी बोलायला) मोकळ्या राहतात. आतले पुल-अप (पिनेला पॉवरकडे ओढून ठेवणारे रेझिस्टर) चालू केले की वेगळे रेझिस्टर लागत नाहीत. बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला असतं, म्हणून दाबलेलं बटण शून्य दाखवतं, एक नाही, हे कोडमध्ये लक्षात ठेवा. टॅक्ट स्विचला चार पाय असतात आणि ते दोन-दोन आतून जोडलेले असतात. म्हणून तिरपे, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय वापरा. स्विच कसाही फिरवला तरी चुकत नाही. स्विच दाबताना काही मिलिसेकंद थरथरतो, कोडमध्ये १०-२० मिलिसेकंद थांबून परत वाचा. आणि घेताना उंची बघा. सॉकेटमधली चिप, वर हेडरवरची स्क्रीन, त्यावर झाकण, आणि बुटका स्विच खालीच राहिला, असं होतं. लांब दांडीचे मिळतात.

आवाजाला पॅसिव्ह बझर, आर्डुइनोच्या क्रमातल्या ९ नंबरच्या पिनेवर (चिपचा नववा पाय नव्हे). अ‍ॅक्टिव्ह बझर एकच सूर काढतो.

बाकी किरकोळ: झिरो पीसीबी (नुसत्या भोकांची सोल्डर करायची पाटी), अरुंद सॉकेट, चिपच्या दोन्ही पॉवर जोड्यांपाशी अगदी चिकटून एकेक १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, रिसेटला १० किलोओहम, ऑन-ऑफ स्विच, सोल्डर वायर, मल्टिमीटर. स्क्रीन थेट सोल्डर करू नका, फीमेल हेडर (पिना खोचायची पट्टी) लावा. सहा पिनांचा प्रोग्रामिंग हेडरही ठेवा.

सोल्डरिंगआधी सगळं ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीवर) चालवा. पहिला प्रोग्राम गेमचा नको, बटणांचा: दाबलं की स्क्रीनवर त्या बटणाचं नाव. झिरो पीसीबीवर जोडून झाल्यावर चिप आणि स्क्रीन बाहेर ठेवूनच सेल लावा. त्याआधी पॉवर आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटर बीप करत नाही ना, ते पाहा. मग सॉकेटवर ३.३ व्होल्ट दिसले की पॉवर बंद करून चिप बसवा, स्क्रीन सगळ्यात शेवटी.

सर्वाधिक गुण चिपच्या ईईप्रॉममध्ये (पॉवर गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) राहतात, पण त्याची एकेक जागा लाखभर वेळाच लिहिता येते. म्हणून गेम संपल्यावर, नवा विक्रम असेल तरच लिहा.

बॉक्सचं झाकण चिकटवू नका, स्क्रूने लावा. उनो ५ व्होल्टवर बोलतो, त्यामुळे त्याच्याकडून नवा गेम टाकताना सेल आणि स्क्रीन दोन्ही काढावी लागतील. ३.३ व्होल्टचा प्रोग्रामर असेल तर स्क्रीन जागेवर राहू शकते, पण एसपीआय स्क्रीनच्या सीएस (स्क्रीन निवडायच्या) पिनेला १० किलोओहमचा पुल-अप हवा, नाहीतर प्रोग्रामरचा डेटा तिलाही पोचतो.