ऑरेंज बॉक्समधले पाचही गेम आज कसे खेळायचे, आणि आधी कुठला
२००७ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने ऑरेंज बॉक्स नावाच्या एकाच डब्यात पाच गेम विकायला काढले: हाफ-लाइफ २, त्याचे पुढचे दोन भाग एपिसोड वन आणि एपिसोड टू, टीम फोर्ट्रेस २ आणि पोर्टल. हाफ-लाइफ २ मूळचा २००४ चा, एपिसोड वन २००६ चा, बाकीचे तीन तेव्हा एकदम नवे कोरे. अजूनही कोणी विचारलं की शूटर गेम कधी खेळलेच नाहीयेत, सुरुवात कशाने करू, तर मी हेच पाच सांगतो. फक्त क्रम बदलून खेळा. बहुतेक लोक थेट हाफ-लाइफ २ ला हात घालतात आणि माऊस कीबोर्ड सांभाळता सांभाळता चांगल्या गेमची मजा घालवून बसतात.

१. घ्यायचं कुठून

कॉम्प्युटरवर स्टीम (व्हॉल्व्हचं ऑनलाइन गेमचं दुकान) टाका, अकाऊंट उघडा. हाफ-लाइफ २ आणि पोर्टल वेगवेगळे मिळतात. दोन्ही एपिसोड आता वेगळे घ्यायची गरज नाही, हाफ-लाइफ २ ला २० वर्षं झाली तेव्हा म्हणजे नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये ते त्याच गेमच्या आत आणून ठेवलेत. टीम फोर्ट्रेस २ तर २०११ पासून फुकटच आहे. घाई नसेल तर उन्हाळी सेल (जूनच्या शेवटी) किंवा हिवाळी सेल (डिसेंबरच्या शेवटी) लागेपर्यंत थांबा, हाफ-लाइफ २ आणि पोर्टलची किंमत तेव्हा खूपच खाली येते. गेम आपल्या मशीनवर नीट चालत नसेल तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात, तेव्हा पहिल्याच दिवशी सुरू करून बघा.

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही हे गेम बऱ्यापैकी पळतात. दोन गोष्टी मात्र बघून घ्या. पोर्टल विथ आरटीएक्स नावाचं जे वेगळं दिसतं ते चुकून टाकू नका, त्याला खूप दणकट कार्ड लागतं, आपल्याला साधा पोर्टल हवाय. आणि नवीन मॅक असेल तर हाफ-लाइफ २ आणि पोर्टलच्या जुन्या ३२ बिट मॅक आवृत्त्या त्यावर उघडतच नाहीत, विंडोजचं मशीन बघा.

२. सेटिंग, पाच मिनिटं द्या पण द्याच

टचपॅडवर खेळू नका, साधा का होईना पण माऊस घ्या. माऊसचा वेग कमी ठेवा. सबटायटल चालू करा, मराठी नाहीत, इंग्रजी आहेत, पण गोष्ट कळायला फार उपयोगी पडतात. हाफ-लाइफ २ मध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू (समोरचं किती रुंद दिसतं ते) ७५ असतो तो ९० करा. अनेकांना हा गेम खेळताना, विशेषतः बोटीच्या भागात, मळमळतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना एवढ्यानेच बरं वाटतं. एफ ६ दाबलं की गेम सेव्ह होतो, एफ ९ ने परत तिथेच येतो, ही दोन बटणं अंगवळणी पडू द्या.

३. आधी पोर्टल

तीन-चार तासांचा गेम आहे, एका रविवारी संपतो. मुळात डिजिपेन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी नार्बॅक्युलर ड्रॉप नावाचा छोटा गेम केला होता, व्हॉल्व्हने त्या पोरांनाच कामावर घेतलं आणि त्यातून हा झाला. हातात बंदूक असते पण ती भिंतीत दार पाडते, एक निळं एक नारिंगी, एकातून आत गेलात की दुसऱ्यातून बाहेर. उंचावरून पडून इथे मरत नाही, वेळेचं बंधन फारसं नाही, बराच वेळ समोर शत्रूही नसतो, त्यामुळे चालणं, वळणं, नेम धरणं हे सगळं निवांत हातात बसतं. म्हणूनच म्हणतो हा आधी.

दहाव्या खोलीत या गेमचं खरं गुपित कळतं. समोर मोठी दरी, उडी मारून पलीकडे जाता येत नाही. नारिंगी दार आधीच उंच भिंतीवर आहे, ते आपल्या हातात नाही. आपण निळं दार खाली खड्ड्याच्या जमिनीवर पाडायचं आणि वरून सरळ त्यात उडी घ्यायची. पडताना जो वेग येतो तो तसाच्या तसा टिकतो, फक्त दिशा बदलते, त्यामुळे भिंतीतून तुम्ही गोळीसारखे आडवे बाहेर फेकले जाता आणि दरीच्या पार. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या खोल्या सुटल्या समजा. अडलात तर आधी फिकट भिंती शोधा, दार तिथेच पडतं, काळ्या धातूवर पडत नाही. यूट्यूब उघडू नका हो, प्लीज, एकदा उत्तर बघितलं की ती खोली कायमची गेली.

४. मग हाफ-लाइफ २, आणि लगेच दोन्ही एपिसोड

पहिला हाफ-लाइफ खेळला नसेल तर एवढं पुरे: ब्लॅक मेसा प्रयोगशाळेत प्रयोग फसला, दुसऱ्या जगातले जीव इकडे आले, आणि आता पृथ्वीवर कंबाइन या परक्या सत्तेचं राज्य आहे. तुम्ही गॉर्डन फ्रीमन, सिटी १७ च्या रेल्वे स्टेशनवर उतरता. इथे धावू नका. सुरुवातीलाच एक शिपाई डबा खाली पाडतो आणि उचलून कचऱ्यात टाक म्हणतो, त्यातच वस्तू उचलायचं बटण शिकवून होतं आणि इथे कोणाची सत्ता आहे तेही कळतं. हा गेम असाच शिकवतो, खेळवता खेळवता. थोडं पुढे कालव्याच्या भागात एक फळी सी-सॉसारखी पडलेली असते आणि बाजूला सिमेंटच्या विटा. एका टोकावर विटा रचल्या की दुसरं टोक वर राहतं, त्यावरून चढून जायचं. कुठे अडलात की गोळ्या मोजण्याआधी आजूबाजूला काय पडलंय ते बघा.

ग्रॅव्हिटी गन (वस्तू ओढून घेणारी आणि फेकणारी बंदूक) मिळाली की रेव्हनहोम गाव येतं, अंधारं आणि झोंबींनी भरलेलं. तिथे गोळ्या वाचवा, करवतीची पाती पडलेली असतात ती ग्रॅव्हिटी गनने उचलून फेका. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पाय टाकला की अँटलायन किडे बाहेर येतात, तिथे फळ्या आणि भंगार पुढे टाकत टाकत जायचं. गनशिपवर, म्हणजे कंबाइनच्या उडत्या यानावर, रॉकेट सरळ मारू नका, गनशिप ते पाडतं, रॉकेट लेझरच्या ठिपक्यामागे जातं म्हणून ठिपका फिरवत बाजूने आणा.

संपल्यावर थांबू नका, दोन्ही एपिसोडची गोष्ट तिथूनच लगेच पुढे चालू होते आणि गॉर्डनची साथीदार ॲलिक्स जवळजवळ सगळीकडे सोबत असते. एपिसोड वनच्या पार्किंगमध्ये किडे संपतच नाहीत असं वाटेल, तर तिथल्या गाड्या ढकलून त्यांची बिळं बुजवा. एपिसोड टू ची शेवटची स्ट्रायडरवाली (उंच, तीन पायांचे शत्रू) लढाई अवघड आहे, आधी त्यांच्यासोबतच्या छोट्या हंटरना संपवा, कारण तुम्ही स्ट्रायडरला चिकटवलेला बॉम्ब ते उडवून टाकतात. आणि हो, शेवट अर्ध्यावर तुटतो, एपिसोड थ्री आलाच नाही, आधीच सांगून ठेवतो.

५. टीम फोर्ट्रेस २ सगळ्यात शेवटी

हा ऑनलाइन, लाल विरुद्ध निळी टीम, नऊ प्रकारचे खेळाडू. आधी बॉटसोबत (कॉम्प्युटरने चालवलेले खेळाडू) ऑफलाइन सराव करा. मेडिक, म्हणजे साथीदारांना बरं करणारा, घ्या, नेम फारसा लागत नाही, साथीदारावर किरण धरून ठेवायचा, मीटर भरला की बटण दाबून दोघांना ८ सेकंद काहीच लागत नाही, आणि चांगले खेळाडू काय करतात ते अगदी जवळून दिसतं. स्पाय आणि स्नायपर सध्या राहू द्या. सर्व्हरची यादी पिंगप्रमाणे (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) लावा आणि सगळ्यात कमी पिंगवाला धरा. अनोळखी माणसाने वस्तूंच्या अदलाबदलीसाठी लिंक पाठवली तर उघडू नका, अकाऊंट असेच जातात.

मग पुन्हा पोर्टल लावा, या वेळी डेव्हलपर कॉमेंटरी चालू करून. हवेत संवादाचे फुगे दिसतात, जवळ जाऊन ई दाबलं की बनवणारे स्वतः सांगतात ती खोली तशी का ठेवली. हाफ-लाइफ २ मध्येही २०२४ पासून तीच सोय आहे.