शिडाची वेगवान होडी: जुना वर्ग घ्यावा की नवा?

"जुनी घ्यावी की नवी?" असं विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा दोन वयं एकत्र झालेली असतात: वर्गाचं वय आणि होडीचं वय. वर्ग म्हणजे एकाच आराखड्याने, ठरलेल्या मापात बनणाऱ्या होड्या. ५०५ हा वर्ग १९५० च्या दशकातल्या जॉन वेस्टेलच्या आराखड्याचा, पण त्याच मापाच्या कडक, हलक्या इपॉक्सी-कार्बनच्या होड्या पुढे बनत राहिल्या. फोर्टीनायनर त्याच्या चाळीस वर्षं नंतरची, ज्युलियन बेथवेटची, २००० पासून ऑलिंपिकमध्ये. म्हणून दहा हंगाम रगडलेली फोर्टीनायनर "नवी" ठरत नाही. ती फक्त दमलेली असते. वर्ग पाणी आणि वारा बघून ठरवायचा, होडी ठोकून आणि वजन करून. क्रम उलटा झाला की पैसे जातात.

कोल्हापुरातून विचार करताना पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते, कारण आपल्याकडे जे आहे ते तलाव आणि धरणं. रंकाळा शहरातच, कळंबा पिण्याच्या पाण्याचा, राधानगरीचा परिसर अभयारण्याचा. म्हणजे महापालिका, जलसंपदा किंवा वनखातं यांपैकी कोणाची ना कोणाची लेखी परवानगी आधी हातात हवी. पावसाळ्यात राधानगरीचं नाव काढू नका. त्या धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी पातळीला आलं की आपोआप उघडतात, तुमची होडी कुठे आहे ते बघत नाहीत.

आता पाण्याची लांबी. फोर्टीनायनर बऱ्या वाऱ्यात १५ नॉटने सहज जाते, म्हणजे सेकंदाला ७.७ मीटर. समोर ५०० मीटर मोकळं पाणी असेल तर काठ ६५ सेकंदांत येतो. त्यात ३८ चौरस मीटरचं पुढचं फुग्याचं शीड चढवायचं, वाऱ्याशी कोन धरून पळायचं, वळवायचं आणि काठापूर्वी उतरवायचं. सरावलेल्या जोडीलाही चढवा-उतरवायला पंधरा-वीस सेकंद लागतात. उरलेल्या वेळात मजा ती किती? शिवाय पुढच्या दांड्यावर बांधलेलं हे एकतर्फी शीड वाऱ्याच्या सरळ दिशेने नीट चालत नाही, नागमोडी जावं लागतं आणि त्याला रुंदी लागते. ४७०, ५०५, फायरबॉल या जुन्या, दोघांच्या वर्गांचा स्पिनेकर, म्हणजे त्यांचं फुग्याचं शीड, दोन्ही बाजूंनी सारखा असतो, आडव्या काठीवर ताणतात, आणि तो जवळजवळ सरळ वाऱ्याबरोबर नेता येतो. डोंगरांच्या कुशीत शिरलेल्या धरणाच्या चिंचोळ्या फाट्यात हा फरक फार मोठा आहे.

वाऱ्याचंही तसंच. डोंगराआडून येणारा वारा झटक्यांनी येतो. ८ नॉटचा वारा १६ झाला की शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. आणि पुढच्या क्षणी वारा पडतो. स्किफ जातीच्या होड्या, म्हणजे ट्वेंटीनायनर, फोर्टीनायनर, चालत असतात तोवरच उभ्या असतात. वारा पडला की डोलकाठीच्या तारेला अडकून कडेबाहेर लटकलेला माणूस पाठीवर पाण्यात, आणि त्याच्यापाठोपाठ होडी. ४७० मध्ये शीड सैल सोडून दोन मिनिटं थांबता येतं, दोरी सोडवता येते, पाणी पिता येतं. नवशिक्या जोडीचा अर्धा दिवस याच दोन मिनिटांवर वाचतो. हिवाळ्याच्या सकाळी पाणी आरशासारखं असतं तेव्हाही जुन्या वर्गाची होडी झुळकीवर सरकत राहते.

सगळ्यात दुर्लक्षित भाग मात्र पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात धरण उतरलं की बुडालेले शेताचे बांध, ताली आणि झाडांची खोडं पाण्याच्या जेमतेम खाली येतात. ४७०, ५०५, फायरबॉलचं मधलं पातं, म्हणजे होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून खाली सोडलेली फळी, खिळीवर फिरतं. खोडाला अडलं की मागे उचललं जातं, फार तर कडेचा टवका जातो. ट्वेंटीनायनर आणि फोर्टीनायनरचं पातं सरळ वरून खाली घातलेलं असतं. ते अडलं की सगळा धक्का पात्याच्या खाचेच्या मागच्या कडेला बसतो, तिथून तडा तळाकडे जातो आणि होडी आतून पाणी पिऊ लागते. इल्का, म्हणजे पूर्वीची लेसर, हिचंही पातं सरळच, पण वेग कमी आणि दुरुस्ती सोपी. केंदाळाचाही विचार करा: फिरतं पातं क्षणभर वर घेतलं की केंदाळ सुटून जातं. पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या फॉइलच्या होड्या, मॉथ किंवा वास्प, या पाण्यासाठी सोडूनच द्या. केंदाळाची एक दांडी पंखाला गुंडाळली की होडी धपकन खाली बसते.

वजनाचा हिशेब थोडक्यात. दोघांचं मिळून १२५ ते १३५ किलो असेल तर ४७० किंवा ट्वेंटीनायनर, १५० च्या पुढे फोर्टीनायनर किंवा ५०५. एकट्यासाठी इल्का: ८० किलोच्या आसपास ७.०६ चौरस मीटरचं शीड, साठ-पासष्टला ५.७६ चं, त्याहून हलक्याला ४.७ चं. होडी तीच, शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलतो. घरात दोन वेगळ्या वजनांची माणसं असतील तर हा मोठा फायदा.

आता होडी बघायला गेल्यावर. सोबत एक नाणं, साबणाचं पाणी, सुती कापड आणि भंगारवाल्याकडे असतो तसा टांगता डिजिटल काटा घ्या. आधी वजन. इल्काचं नुसतं धड ५९ किलोचं असतं. ६४ भरलं तर ते पाच किलो रंगाचे नव्हेत, आत पाणी आहे. झाकणं उघडून वाळवल्यावर उतरलं तर ठीक, नाही उतरलं तर फोम पाणी प्यायलाय. ती होडी नको.

मग नाण्याने ठोकत जा, दर चार बोटांवर. टणक, कोरडा आवाज येत असताना मध्येच "थप" असा बसका आवाज आला की तिथे वरचा थर आतल्या फोमपासून सुटलाय. डोलकाठीच्या बुडाशी, पात्याच्या खाचेभोवती आणि तारेवर लटकणारा पाय देतो त्या कडेला हमखास सापडतो. अंगठ्याने दाबून बघा. तळहाताएवढा डाग दुरुस्त होतो. कडेची वीतभर पट्टी मऊ असेल तर पुढे चला.

इल्काची डोलकाठी जिथे बसते त्या नळीत काठोकाठ पाणी भरा आणि चहा घेऊन या. पाणी उतरलं असेल तर नळीचं बूड फुटलंय. हीच होडी भर वाऱ्यात डोलकाठीसकट डेक उचकटून देते.

हवेची चाचणी करताना एक चूक सर्रास होते: पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावतात. डेक आणि तळाचा सांधा त्या दाबाला उघडतो, म्हणजे चांगली होडी तपासता तपासता फुटते. बुचाच्या भोकातून नळी घालून तोंडाने फुंका, सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे बघा. एवढा दाब पुरतो. तारांवरून सुती कापड फिरवा. धागा अडकला तिथे तारेची एक लड तुटलीय. ती तार बदलायची, वापरायची नाही. शिडं खळखळीत वाजली पाहिजेत, चोळामोळा झालेल्या शर्टासारखी लोळता कामा नयेत.

दुरुस्तीत कोल्हापूर नशीबवान आणि कमनशिबी दोन्ही. उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, तुम्ही नमुना दिलात तर स्टीलची पट्टी, पिन, कडी हुबेहूब मिळते. गोड्या पाण्यावर ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील चालतं, होडी मालवणला नेणार असाल तर ३१६ च मागा. ॲल्युमिनियमच्या काठीवर स्टीलचा भाग बसवताना मध्ये टेप किंवा प्लास्टिकची चकती घाला, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. पण फायबरचं काम गाडीचे बंपर आणि टाक्या करणाऱ्याकडे देताना थांबा. तो पॉलिएस्टर रेझिन वापरतो. रेझिन म्हणजे फायबर घट्ट धरणारा रस, इपॉक्सी हा त्याचाच दुसरा प्रकार. जुनी ४७० किंवा इल्का पॉलिएस्टरची असते, तिला ते चालतं. इपॉक्सीच्या होडीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. वरून छान दिसतं आणि पहिल्या धक्क्यात पापुद्र्यासारखं सुटतं. इपॉक्सी मात्र दोन्हींवर धरतं, म्हणून शंका असेल तेव्हा इपॉक्सीच. काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, मेणचट थर येतो. तो पाण्याने आणि घासणीने धुतल्याशिवाय दुसरा हात दिला तर दोन थर कधीच एक होत नाहीत. कार्बनच्या काठीला बारीक तडा दिसला तर स्थानिक प्रयोग नको.

एक अडचण आणखी. इल्का आणि फोर्टीनायनर काटेकोर एकसाच्याचे वर्ग आहेत. परवानाधारक कारखान्याचेच भाग चालतात. उद्यमनगरची काठी सरावाला चालेल, वर्गाच्या स्पर्धेत नाही. ५०५ मध्ये दोऱ्या, कप्प्या, डोलकाठी यांची मोकळीक बरीच. खरं तर आपल्या पाण्याला स्वभावाने ५०५ आणि फायरबॉलच शोभतात. १९८२ च्या एशियाडमध्ये मुंबईत फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्ण मिळवलं ते फायरबॉलमध्ये. पण आज सोबतीला दुसरी फायरबॉल शोधायची कुठे? एकट्याच होडीवर स्वतःचा वेग कळत नाही. फोर्टीनायनरमध्ये टोकियो ऑलिंपिकला गेलेले वरुण ठक्कर आणि के. सी. गणपती तमिळनाडूचे, समुद्रावर घडलेले. ती होडी घ्यायची तर मुंबई किंवा चेन्नईच्या क्लबात ठेवायची आणि तिकडे जायचं. गाडीमागे बांधून घाट चढवत आणण्यात अर्थ नाही.

तेव्हा दोघं असाल तर पॉलिएस्टरची, वजनात बसणारी वापरलेली ४७०. एकटे असाल तर इल्का. ४७० ची डोलकाठी पावणेसात मीटरच्या आसपास आणि अखंड. आंबा घाटाच्या वळणांवर मागे लाल फडकं आणि पुढे मधला आधार हवाच. इल्काची काठी दोन तुकड्यांची, धड बोलेरोच्या टपावर दोघांनी चढतं. पहिल्या दिवशी छातीएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम आडवी पाडा आणि सरळ करा, दहा वेळा. जुन्या ४७० मध्ये उठताना पाणी राहतं आणि तळाची पाणी ओढणारी झडप होडी पळू लागली तरच काम करते, त्यामुळे एक डबा दोरीने बांधून ठेवा. परत आल्यावर बुचं काढून, नाक वर करून, झाकून ठेवा. बूच लावून उन्हात ठेवलेल्या होडीत आतली हवा तापून फुगते, आणि जो सांधा तुम्ही तोंडाने फुंकून तपासला होता तोच उघडतो.