पिट्सबर्गचा बेसबॉल इतिहास एका दिवसात कसा बघायचा

आधी शहरातल्या ओकलंड भागात जा, आताचं स्टेडियम शेवटी ठेवा. ओकलंडमध्ये इथल्या पायरेट्स टीमचं जुनं स्टेडियम, फोर्ब्स फील्ड होतं, १९०९ ला सुरू झालं, १९७० ला शेवटची मॅच, मग पाडलं, पण आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या लांबच्या टोकाच्या, विटांच्या भिंतीचा काही भाग अजून उभाय आणि त्याच्यावर ४५७ हा होम प्लेटपासूनच्या (बॅटर उभा राहतो ती जागा) अंतराचा फुटांचा आकडा रंगवलेलाय. १३ ऑक्टोबर १९६० ला पायरेट्सच्या मॅझरोस्कीने न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध सातव्या मॅचमध्ये होमरन (बॉल थेट भिंतीपलीकडे) मारून १०-९ ने वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची फायनल, जिंकून दिली ती इथेच, फक्त बॉल उरलेल्या भिंतीवरून नाही गेला हां, तो लेफ्ट फील्डच्या (डावीकडच्या) भिंतीवरून गेला, तिथे आता जमिनीत खूण आहे. दर १३ ऑक्टोबरला लोक इथे जमून त्या मॅचची जुनी रेडिओ कॉमेंट्री ऐकतात, जमलं तर तीच तारीख पकडा!

मग शेजारच्या युनिव्हर्सिटीच्या पोस्वार हॉलमध्ये शिरा आणि खाली बघत चाला, होम प्लेट फरशीत काचेखाली आहे, सहज पायाखालून निघून जाते.

संध्याकाळी पायरेट्सचा गाजलेला खेळाडू क्लेमेंटे याच्या नावाचा पूल चालतच ओलांडा, मॅचच्या दिवशी गाड्या बंद असतात. पलीकडे पीएनसी पार्क, पायरेट्सचं आताचं स्टेडियम, उजवीकडची भिंत २१ फूट उंच, कारण क्लेमेंटेचा जर्सी नंबर २१. आणि कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधला गाजलेला बॅटर जॉश गिब्सनबद्दल आधीच वाचून जा, तो ज्यांच्याकडून खेळला त्या इथल्या होमस्टेड ग्रेज आणि क्रॉफर्ड्स या टीम सोडून हे शहर अर्धंच कळतं.