समुद्री वाळूतील सूक्ष्म चपटे कृमी : रचना पाहण्याची पद्धत

ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या कणांमध्ये राहणारे चपटे कृमी बहुधा एक-दोन मिलिमीटरहून मोठे नसतात, आणि त्यांची शरीररचना समजून घ्यायची असेल तर ती आधी जिवंतपणीच पाहावी लागते. फॉर्मॅलिनमध्ये पडताच त्यांचे मऊ शरीर आक्रसून गोळा होते आणि ज्या पारदर्शकतेमुळे आतले अवयव दिसतात तीच नाहीशी होते. म्हणून नाशिकच्या विद्यार्थ्यांनी बाटलीतल्या नमुन्यांवर न विसंबता किनाऱ्यावरची ताजी वाळू प्रयोगशाळेत आणावी.

त्र्यंबक-जव्हारमार्गे पालघर जिल्ह्याचा किनारा गाठता येतो. पावसाळ्यात खाड्यांतून गोडे पाणी उतरते, त्यामुळे दिवाळीनंतरचे दिवस सोयीचे ठरतात. ओहोटीच्या वेळी वरची दोन-तीन सेंटिमीटर वाळू घ्यावी. त्याखालचा काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा थर प्राणवायूविरहित असतो, तो टाळावा. रुंद तोंडाच्या डब्यात वाळूचा पातळ थर आणि त्यावर बोटभर पाणी ठेवून डबा थर्माकोलच्या पेटीतून आणावा. समुद्राचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये भरपूर घ्यावे, कारण गोड्या पाण्यात या प्राण्यांच्या पेशी फुगून फुटतात आणि नाशिकला परतल्यावर ते पाणी आणायला पुन्हा घाट उतरावा लागतो.

हे कृमी वाळूच्या कणांना चिकटून बसतात, त्यामुळे नुसते धुऊन ते सुटत नाहीत. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सुमारे 75 ग्रॅम स्फटिकरूप मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवले की ते द्रावण समुद्राच्या पाण्याशी समतोल राखते आणि प्राण्यांना गुंगी आणते. वाळू त्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावी, भांडे हलकेच फिरवावे आणि वरचे पाणी 63 मायक्रोमीटरच्या जाळीतून ओतावे. जाळीवर उरलेले लगेच समुद्राच्या पाण्यात उतरवले की थोड्या वेळात प्राणी सरपटू लागतात.

आता एक कृमी बारीक पिपेटने काचपट्टीवर घ्यावा. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना मेणाचे लहान ठिपके लावावेत आणि कडेने गाळणकागद टेकवून पाणी हळूहळू शोषून घ्यावे, म्हणजे प्राणी चपटा होत जातो. सगळे कौशल्य या दाबात आहे. कमी दाबात आतड्याचा आकार, डोळे आणि ग्रसनी म्हणजे तोंडामागची गिळण्याची नळी दिसतात. दाब वाढला की त्वचेतील ऱ्हॅब्डाइट नावाच्या काड्या, शुक्राणू आणि नराच्या जननेंद्रियाची कठीण सुई स्पष्ट होते. या प्राण्यांत नर आणि मादी दोन्हींचे अवयव एकाच शरीरात असतात, आणि जाती ओळखताना बऱ्याच गटांत त्या सुईचा आकार निर्णायक ठरतो. तिचे चित्र मापासह काढल्याशिवाय प्राणी हातचा जाऊ देऊ नये. तेल-भिंगाखाली कडेच्या भागात एखादी ज्योत थरथरावी तशी हालचाल दिसली तर ती ज्वालापेशीतील, म्हणजे शरीरातले जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या पेशीतील, पक्ष्माभिकांची (केसांसारख्या सूक्ष्म तंतूंची) असते. शरीराला गुदद्वार नसते आणि अवयवांमधली जागा पोकळ नसून पेशींनी भरलेली असते, हेही याच तयारीत तपासता येते.

एका ठिकाणी फसगत होण्याचा संभव आहे. डोक्याकडे एकच कण असलेली संतुलनपुटी, म्हणजे तोल जाणवून देणारी लहान पिशवी, दिसली म्हणजे तो चपटा कृमीच, असे समजू नये. असीला गटातही ती असते, आणि पूर्वी चपट्या कृमींत मोजला जाणारा हा गट आता वेगळा मानला जातो. असीलांत आतड्याला पोकळी नसते व ज्वालापेशीही नसतात. उलट प्रोसेरिएटा या चपट्या कृमींच्या गटात संतुलनपुटीबरोबर सुस्पष्ट ग्रसनी आणि खरे आतडे आढळते.

याहून सूक्ष्म रचना प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर जाते, कारण सुमारे 0.2 मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू त्यात वेगळे दिसत नाहीत. शेपटीतील चिकटण्याची यंत्रणा हे याचे सर्वांत सुंदर उदाहरण आहे. प्राणिशास्त्रज्ञ सेथ टायलर यांनी 1976 मध्ये तिचे तपशीलवार वर्णन केले : एक ग्रंथी चिकट द्रव सोडते, दुसरी त्या बंधातून मोकळे करणारा द्रव सोडते, आणि दोघींच्या माना त्वचेतल्या एका आधारपेशीतून बाहेर येतात. म्हणूनच हा प्राणी क्षणात घट्ट चिकटतो आणि क्षणात सुटतो.

हे पाहण्यासाठी मुंबई-पुण्याच्या एखाद्या संस्थेतील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची मदत घ्यावी लागेल, पण स्थिरीकरण, म्हणजे पेशी आहेत तशा टिकवण्याची प्रक्रिया, मात्र ताज्या प्राण्यावर नाशिकलाच करावे. गुंगी दिलेला प्राणी समुद्राच्या पाण्याइतक्या क्षारतेच्या बफरमधील (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातील) 2.5 टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवावा, बफरने धुवावा आणि नंतर 1 टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइड वापरावे. ऑस्मियमची वाफ डोळ्यांना गंभीर इजा करते, त्यामुळे हे काम अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली धूरकपाटातच व्हावे. पुढे अल्कोहोलने पाणी काढून नमुना राळेत बसवताना शेपटीची दिशा ठरवून ठेवावी, कारण छेद लांबीच्या दिशेने घेतला तरच दोन्ही ग्रंथींच्या माना एका चित्रात येण्याची शक्यता राहते.