साइट उघडत नाही म्हणून फायरवॉल बंद करताय? आधी या चुका टाळा

वीजबिलाची शेवटची तारीख जवळ आली की घोडबंदर रोडपासून नेरूळपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न पडतोच: "साइट कुणाकडे उघडतेय का?" पाठोपाठ कुणीतरी लिहितं, "फायरवॉल बंद करून बघा." बिल भरून होतं, पण फायरवॉल पुन्हा चालू करायची आठवण कुणालाच राहत नाही.

गंमत म्हणजे त्या बिचाऱ्या फायरवॉलचा बहुतेक वेळा काही दोषच नसतो. विंडोजची फायरवॉल मुळात न बोलावता बाहेरून येणारी कनेक्शन अडवते आणि तुमच्या लॅपटॉपवरून बाहेर जाणारी सोडते. साइट उघडणं म्हणजे बाहेर जाणं. कुणी मुद्दाम ब्राउझरवर बंदीचा नियम टाकला नसेल, तर तिथे शोधून काही हाती लागायचं नाही. खरा अडवणारा बहुधा दुसराच असतो: अँटीव्हायरसमधलं वेब संरक्षण, जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन, राउटरमधलं पॅरेंटल कंट्रोल किंवा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा.

न तपासता सेटिंग बदलणं

आधी फोनचं वायफाय बंद करा आणि तीच साइट मोबाइल डेटावर उघडा. तिथेही उघडली नाही तर बहुधा साइटच झोपलेली आहे. चहा घ्या, तासाभराने बघा. उघडली, तर अडथळा घरात किंवा नेट देणाऱ्याकडे आहे. मग त्याच वायफायवर दुसरं उपकरण लावून बघा. फक्त लॅपटॉपवर अडत असेल तर लॅपटॉपमध्ये शोधा, सगळीकडे अडत असेल तर राउटरमध्ये. फोनवर व्हीपीएन (तुमचा ट्रॅफिक दुसऱ्याच सर्व्हरमधून वळवणारी सेवा) किंवा प्रायव्हेट डीएनएस (फोनमध्येच निवडलेला वेगळा डीएनएस) चालू असेल तर ही चाचणी फसते, म्हणून ते आधी बंद करा.

पिंग करून, म्हणजे सर्व्हरला छोटा संदेश पाठवून उत्तर येतंय का ते बघून, निष्कर्ष काढू नका. कित्येक सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, साइट मात्र व्यवस्थित चालू असते.

एरर न वाचता खिडकी बंद करणं

"उघडत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. साइटचा पत्ताच सापडला नाही असं ब्राउझर म्हणत असेल तर डीएनएसकडे बघा. बराच वेळ गोल फिरून "टाइम्ड आउट" आलं, तर वाटेत कुणीतरी गुपचूप अडवतंय किंवा सर्व्हर बंद आहे. ४०३ ("परवानगी नाही") हा एरर आला तर तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलात आणि नकार बहुतेक तिथूनच आलाय. तेव्हा घरातली फायरवॉल उलटीपालटी करून उपयोग नाही. व्हीपीएन चालू आहे का ते बघा, कारण त्यामुळे तुम्ही परदेशातून आल्यासारखे दिसू शकता आणि आपल्याकडच्या काही सरकारी साइट परदेशी आयपी पत्त्याला दारातूनच परत पाठवतात. सर्टिफिकेटची, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची, तक्रार आली तर आधी लॅपटॉपची तारीख तपासा, कारण दाखल्याची मुदत तिच्यावरूनच बघितली जाते. जुन्या मशीनची आतली बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते. बँकेच्या साइटवर हा इशारा दिसत असताना "तरीही पुढे जा" दाबू नका.

डीएनएस विसरणं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. मुलांसाठी म्हणून कुणीतरी कधीतरी राउटरमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.३ टाकलेलं असतं. क्लाउडफ्लेअरची ही सेवा व्हायरसवाल्या आणि प्रौढांसाठीच्या साइट गाळते. क्वाड-नाइनचं ९.९.९.९ धोकादायक साइट गाळतं. दोन्ही चांगल्या आहेत, पण गाळणीत कधीकधी निरपराध साइटही अडकते. लॅपटॉपवर एनएसलुकअप (nslookup) ही कमांड चालवून साइटचा पत्ता विचारा, मग तोच प्रश्न न गाळणाऱ्या १.१.१.१ ला विचारा. तिथे नीट पत्ता मिळतोय आणि घरच्या डीएनएसकडून ०.०.०.० येतंय, तर चोर सापडला. डीएनएस बदलल्यावर कॅशे, म्हणजे जुन्या उत्तरांचा साठा, रिकामा करायला विसरू नका, नाहीतर जुनंच उत्तर मिळत राहील आणि "बदलूनही फरक नाही" म्हणून तुम्ही भलतीकडे शोधत बसाल.

एका ब्राउझरमध्ये साइट उघडते आणि दुसऱ्यात नाही, यात जादू नाही. काही ब्राउझर स्वतःचा सुरक्षित डीएनएस वापरतात, राउटरला विचारतच नाहीत.

टाचणीने राउटर रिसेट करणं

राउटरच्या सेटिंगच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर, दोन गोष्टी बघा. पहिली, वेळापत्रक. परीक्षेच्या दिवसांत लावलेली रात्रीची बंदी उन्हाळ्याच्या सुट्टीतही चालूच राहते. त्यात लाइट गेली की बऱ्याच राउटरचं घड्याळ पुसलं जातं. ते पुन्हा जुळलं नाही तर रात्रीची बंदी भर दुपारी लागते. दुसरी, फायरवॉलची पातळी. ती "हाय" वर असली की काही राउटर नेहमीचे मोजकेच पोर्ट (कनेक्शनचे क्रमांक दिलेले दरवाजे) सोडतात. साध्या साइट ४४३ वरून चालतात, त्यामुळे बाकी सगळं छान दिसतं. पण ऐरोली-महापेच्या एखाद्या कंपनीचं लॉगिन पान ८४४३ वर असेल, तर वर्क फ्रॉम होमच्या दिवशी नेमकं तेच अडतं. अशा वेळी सगळी पातळी खाली आणू नका, तेवढ्या एका पोर्टला परवानगी द्या.

आणि मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट करायचा मोह आवरा. कनेक्शन पीपीपीओई पद्धतीचं, म्हणजे राउटरमध्ये लॉगिन टाकून जोडलेलं, असेल तर त्याचा युजरनेम-पासवर्डही त्यात पुसला जातो. मग एक साइट सोडाच, नेटवाल्याचा माणूस येईपर्यंत सगळं घर नेटशिवाय. आधी सेटिंगचा बॅकअप घ्या.

फुकटचा व्हीपीएन

साइट उघडेलही, पण तुमचा सगळा ट्रॅफिक एका अनोळखी सर्व्हरमधून जाईल. त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६९अ खाली सरकारने बंद केलेली साइट असेल, तर ती नेट देणाऱ्याच्या पातळीवर अडवलेली असते. घरातल्या कुठल्याही सेटिंगशी तिचा संबंध नाही.

हे सगळं करूनही अडलंच, तर नेटवाल्याला "साइट चालत नाही" एवढंच सांगू नका. साइटचा पूर्ण पत्ता, एररचा स्क्रीनशॉट, किती वाजता अडलं आणि मोबाइल डेटावर तीच साइट उघडते हे सांगा.